सोसायटीच्या सभेत पहिल्यांदा बोलताना

नवीन घर घेतलं, सभासदत्व मिळालं, शेअर सर्टिफिकेटवर नाव चढलं, की पहिल्या वर्षातच एके दिवशी वॉचमन सहीची वही घेऊन दारात उभा राहतो. वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना आलेली असते. बहुतेक ठिकाणी ती ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच येते, कारण 31 मार्चला आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांच्या आत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत, ही सभा व्हायला हवी असं सहकार कायदा सांगतो. मग एखाद्या रविवारी सकाळी गच्चीवर नाहीतर पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या जातात.

डोंबिवलीतल्या एका 42 घरांच्या इमारतीत मी सहा वर्षं सेक्रेटरी होते. काही नवे सभासद पहिल्या सभेत आरडाओरडा पाहतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. काही जण पहिल्याच सभेत वर्षभराचा राग काढायला उभे राहतात. दोन्हीकडे नुकसान इमारतीचंच होतं, कारण नव्या माणसाला जे चटकन दिसतं ते जुन्यांच्या नजरेतून सवयीने निसटलेलं असतं. म्हणून हे लिहिते आहे. सभेत आदराने बोलायचं म्हणजे गोड बोलायचं, असं मला वाटत नाही. समोरच्याचं म्हणणं पुरतं बाहेर येऊ द्यायचं आणि मगच त्याला उत्तर द्यायचं, हा माझ्या लेखी आदर. तो सवयीने जमतो.

आधी कागद वाचा

वार्षिक सभेची सूचना किमान 14 पूर्ण दिवस आधी मिळायला हवी. हे दिवस वाचण्यासाठी असतात. सूचनेवर विषयपत्रिका असते: मागच्या सभेचं इतिवृत्त, म्हणजे तिथे काय झालं आणि ठरलं याची नोंद, कायम करणे, हिशेब मंजूर करणे, लेखापरीक्षक नेमणे, अंदाजपत्रक, आणि शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय. मागच्या वर्षीचं इतिवृत्त मिळवून वाचा. तुम्हाला जो प्रश्न आज सुचला आहे त्यावर गेल्या वर्षी तासभर चर्चा झालेली असू शकते. ती माहीत असेल तर तुम्ही तिथून पुढे बोलाल.

मेंटेनन्सचं बिलही समजून घ्या. माझं घर वन बीएचके, त्यांचं टू बीएचके, मग बिल सारखं का, हा नव्या सभासदांचा अगदी नेहमीचा प्रश्न आहे आणि तो रास्त आहे. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांच्या कारभारासाठी सहकार खात्याने आखून दिलेल्या नमुना नियमांनुसार, सेवाशुल्क सगळ्या घरांना समान असतं, पाण्याचा खर्च नळांच्या संख्येवर आणि आकारावर वाटला जातो, सिंकिंग फंड (पुढे लागणाऱ्या मोठ्या बांधकामासाठी बाजूला ठेवायची रक्कम) बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.25 टक्के आणि दुरुस्ती निधी किमान 0.75 टक्के धरतात. हे आधी माहीत असलं की तुमचा प्रश्नच बदलतो. ‘आम्हाला लुटताय का’ याऐवजी ‘दुरुस्ती निधीची रक्कम कोणत्या सभेत ठरली?’ असं तुम्ही विचाराल. या प्रश्नाला उत्तर देता येतं. लुटण्याच्या आरोपाला फक्त प्रत्यारोप मिळतो.

आकड्यांचा प्रश्न असेल तर तो चार-पाच दिवस आधी लेखी द्या. भर सभेत ‘गेल्या तीन वर्षांत पंपावर किती खर्च झाला’ असं विचारलं तर खजिनदाराला तो आकडा तोंडपाठ नसतो. तो गोंधळतो, मागून कुणीतरी हसतं, आणि पंप बाजूला राहून माणसाची अब्रू हाच विषय होतो. लेखी प्रश्न दिलात तर तो आकडा घेऊन येईल आणि तुम्हालाही खरं उत्तर मिळेल.

सभेच्या आधीची सभा

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचं गोंड आदिवासींचं गाव आहे. 2009 मध्ये या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. गावातले नेते देवाजी तोफा आणि त्यांच्यासोबत काम करणारे कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे हे गाव सगळ्यांना माहीत झालं. पण मला तिथली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती तिथला अभ्यासगट. गावात एखादा विषय आला की तो आधी अभ्यासगटात येतो. तिथे बाहेरचा जाणकारही येऊन बसू शकतो, कुणीही काहीही विचारू शकतो, पण निर्णय घेतला जात नाही. निर्णय ग्रामसभेत होतो आणि तो सर्वसहमतीने. समजून घ्यायची जागा आणि ठरवायची जागा त्यांनी वेगळी ठेवली आहे.

आपल्या सभा चिघळतात त्या बऱ्याचदा इथेच. लोक समजून घ्यायला आणि ठरवायला एकाच दोन तासांत बसतात. म्हणून विषय मोठा असेल, म्हणजे गच्चीचं वॉटरप्रूफिंग, नवी लिफ्ट, सोलर पॅनेल असं काही, तर सभेच्या आधीच्या आठवड्यात कुणाच्या तरी घरी चहाला बसा. ज्यांचं मत तुमच्या विरुद्ध असेल अशी तुमची अटकळ आहे, त्यांना आवर्जून बोलवा. स्वतःच्या बाजूची माणसं जमवायला चहा लागत नाही. आणि तिथे कुणाकडून शब्द घेऊ नका. ‘तुम्ही सभेत हात वर कराल ना’ असं विचारलंत की ते समजून घेणं राहत नाही, ती मोर्चेबांधणी होते. माणसं तिथेच सावध होतात.

सभेच्या दिवशी

वेळेवर जा. गणपूर्तीसाठी, म्हणजे कोरमसाठी, एकूण सभासदांपैकी दोन तृतीयांश किंवा 20, यातली कमी असलेली संख्या हजर लागते. म्हणजे 24 घरांच्या सोसायटीत 16 आणि आमच्यासारख्या 42 घरांच्या इमारतीत 20. अर्ध्या तासात कोरम झाला नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमचं बंधन नसतं. मग अनेक ठिकाणी दहा-बारा माणसं सगळ्यांच्या वतीने ठरवून मोकळी होतात. सभेत बोलता येतं की नाही हा प्रश्न त्यानंतरचा. आधी 20 जणांत स्वतःला मोजून घ्या.

पहिल्या रांगेत बसायची गरज नाही, अगदी मागे मात्र बसू नका. मागच्या रांगेत आपापसातल्या गप्पा चालतात आणि नकळत आपणही त्यात ओढले जातो. सोबत वही-पेन ठेवा.

बोलायला उभं राहाल तेव्हा

हात वर करा, अध्यक्षांनी नाव घेईपर्यंत थांबा. उभं राहून नाव आणि घराचा नंबर सांगा. जुने सभासद नव्यांना ओळखत नसतात, आणि ‘हा कोण’ असं कुजबुजत असताना तुमचं पहिलं वाक्य वाया जातं. बोलणं अध्यक्षांना उद्देशून ठेवा, ज्याच्याशी मतभेद आहे त्याच्याकडे वळून नको. ‘अध्यक्षमहोदय, खजिनदारांनी आत्ता जे सांगितलं त्याबद्दल मला विचारायचं आहे.’ ही नुसती औपचारिकता वाटते, पण तिचा उपयोग फार मोठा आहे. दोन माणसं एकमेकांच्या डोळ्यांत बघून बोलू लागली की आवाज आपोआप चढतो. मध्ये तिसरं माणूस असलं की तोच मजकूर निवळून जातो.

दोन मिनिटांत बसेल एवढंच बोला. मी नव्या सभासदांना तीन गोष्टी चिठ्ठीवर लिहून आणायला सांगत असे: मी काय पाहिलं, मला काय कळलं नाही, आणि काय व्हावं असं वाटतं. उदाहरणार्थ: ‘मी 304 मधून बोलतेय. गेल्या पावसाळ्यात बी विंगच्या जिन्यात दोन महिने पाणी झिरपत होतं. त्याची दुरुस्ती कोणी करायची, सोसायटीने की वरच्या सभासदांनी, हे मला कळलेलं नाही. या पावसाळ्याआधी कुणीतरी येऊन पाहणी करावी अशी माझी विनंती आहे.’ एवढं बोलून खाली बसा. यात कुणाचं नाव नाही, कुणाच्या हेतूबद्दल काही नाही, आणि तरीही मिळमिळीत काही नाही. कुणाला तरी उत्तर द्यावंच लागेल.

काही शब्द मात्र घरी ठेवून या. ‘तुम्ही कमिटीवाले’, ‘तुम्ही लोक’, ‘नेहमी असंच होतं’, ‘कधीच कुणी ऐकत नाही’. नेहमी आणि कधीच या दोन शब्दांना समोरचा माणूस एक अपवाद शोधून काढतो आणि पुढचा अर्धा तास त्या अपवादावर जातो. ‘जून महिन्यात दोन वेळा’ असं म्हणा. जुन्या सभासदांसाठीही एक सांगते: ‘तुम्ही काल आलात, तुम्हाला काय माहीत’ हे वाक्य मी जेव्हा जेव्हा ऐकलं, तेव्हा समोरचा नवा सभासद कायमचा गप्प झालेला पाहिला.

संबोधनाचंही तसंच. वयाने मोठ्यांना काका, काकू म्हणा, बरोबरीच्यांना आडनावाने ‘सावंतसाहेब’, ‘देसाईताई’, किंवा जे तुमच्या इमारतीत रुळलेलं असेल ते. पण रोज ‘अरे’ म्हणत असलात तरी सभेत ‘अहो’ म्हणा. मित्राला सभेत ‘अरे तू गप्प बस’ म्हटलं तर त्याला राग येणार नाही कदाचित, पण त्याच्या शेजारी बसलेल्या त्याच्या सासऱ्यांना येईल.

भाषेचा प्रश्न मुंबई-ठाणे-पुण्याकडे प्रत्येक इमारतीत आहे. सभा मराठीत चालावी असं मलाही वाटतं, आमची मराठीतच चालायची. पण गुजराती, तमिळ किंवा हिंदी बोलणाऱ्या शेजाऱ्याला ठराव कळला नाही आणि त्याने नुसता हात वर केला, तर ती संमती खरी नाही. प्रत्येक ठराव मताला टाकण्याआधी एकदा हिंदीत सांगायला मिनिट लागतं. शेजारी बसलेल्याने हळू आवाजात सांगितलं तरी चालतं. नवे सभासद हे काम उत्तम करू शकतात, आणि त्यातून ओळखीही होतात.

ऐकणं, आणि लिफ्टची गोष्ट

सभेतलं सगळ्यात अवघड काम हेच, म्हणून इथे जरा थांबते.

आमच्याकडे लिफ्टच्या दुरुस्तीचा खर्च आला होता. तळमजल्यावरच्या एक आजी उभ्या राहिल्या. ‘मी लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नाही. मी पैसे का द्यायचे?’ पाचव्या मजल्यावरून लगेच उत्तर आलं, ‘उपविधीत लिहिलंय आजी, द्यावेच लागतील.’ हे खरंच आहे. लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांनी समान द्यायचा असतो, कुणी वापरो न वापरो. आजी पुन्हा तेच म्हणाल्या, पाचवा मजला पुन्हा तेच म्हणाला, तिसऱ्या वेळी दोघांचेही आवाज चढलेले होते.

तेवढ्यात तीनच महिन्यांपूर्वी राहायला आलेली एक मुलगी उभी राहिली. अध्यक्षांची परवानगी घेऊन म्हणाली, ‘आजी, मला कळलं ते सांगते, चुकलं तर सांगा. तुमचं म्हणणं असं की ज्या गोष्टीचा आपल्याला उपयोग नाही तिचा भार आपल्यावर नको. असंच ना?’ आजी क्षणभर थांबल्या. ‘नाही गं. पैशाचं एवढं नाही. त्या लिफ्टचं जाळीचं दार माझ्या झोपायच्या खोलीच्या भिंतीला लागून आहे. रात्री बारा-बारा वाजता धाडकन आपटतात. दोन वर्षं सांगतेय. त्याचं कुणी ऐकत नाही, आणि पैसे मागायला बरोबर येतात.’

दोन वर्षं त्या सांगत होत्या, आणि मी सेक्रेटरी असून मला ते ऐकू आलं नव्हतं. त्या दर वेळी लिफ्टबद्दल बोलत, आणि दर वेळी त्यांना पैशाबद्दल उत्तर मिळे. पुढच्या आठवड्यात मेकॅनिकने दाराला रबर बसवलं, रात्री दार हळू लावावं अशी पाटी लागली. नियम अन्यायाचा आहे असं आजींचं मत अजूनही आहे, आणि ते त्यांनी ठेवावं. पैसे त्यांनी भरले.

त्या मुलीने केलं ते कुणालाही करता येतं. उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत त्याला परत सांगायचं आणि विचारायचं: ‘बरोबर समजले का?’ यात दोन अटी आहेत. एक, त्याचं म्हणणं आहे त्यापेक्षा कमकुवत करून सांगायचं नाही. ‘म्हणजे तुम्हाला फुकट राहायचंय’ हे परत सांगणं नव्हे, ती टिंगल आहे. दुसरी, त्याने ‘नाही’ म्हटलं तर मुकाट्याने पुन्हा ऐकायचं. त्याचं ‘हो, अगदी हेच’ आल्यावर मग तुमचा मुद्दा मांडा. तोपर्यंत तो तुमचं ऐकतच नसतो, स्वतःचं पुढचं वाक्य जुळवत असतो.

आणि वाक्य तोडू नका. सेक्रेटरी असताना दुसऱ्या वर्षी एका सभासदांनी पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला सुरुवात केली, आणि मला वाटलं की गेल्या वर्षीचाच विषय आहे. मी मध्येच उत्तर देऊन मोकळी झाले. त्यांना दुसरंच सांगायचं होतं, टाकीच्या झाकणाबद्दल. ते शांतपणे खाली बसले आणि त्यानंतर तीन वर्षं सभेला आले नाहीत. मी दिलगिरी व्यक्त केली ती फार उशिरा. आजही सभेत माझ्या तोंडाशी उत्तर आलं की मी आधी वहीत लिहिते, समोरचं माणूस बसलं की मग वाचते.

जे बोलत नाहीत त्यांचं

प्रत्येक सभेत सात-आठ माणसं बोलतात आणि बाकीची ऐकतात. गप्प बसणाऱ्यांना काही म्हणायचं नसतं असा समज करून घेऊ नका. अनेक घरांत शेअर सर्टिफिकेटवर पहिलं नाव बाईचं असतं, आणि सभेला बोलतो नवरा. बायकांना मुद्दाम विचारा, पण अचानक सगळ्यांदेखत नाव पुकारून नको. आदल्या दिवशी जिन्यात सांगा: ‘कचऱ्याच्या वेळेबद्दल तुम्ही परवा म्हणालात ते उद्या मांडाल का? मी दुजोरा देईन.’ दुजोरा मिळणार हे माहीत असलं की पहिल्यांदा उभं राहणं सोपं जातं. ज्येष्ठांना ऐकू येत नसेल तर माईक नाहीतर पुढची खुर्ची द्या, आणि भाडेकरूंना मत नसलं तरी त्यांची अडचण त्यांच्या घरमालकांनी मांडावी असं त्यांना कळवा.

तापलं तर

एखादा आवाज चढला की त्याच्याहून मोठ्याने बोलायचा मोह आवरा. आवाज उतरवून, सावकाश, छोट्या वाक्यांत बोला. आरोप वैयक्तिक झाला तर त्याला उत्तर न देता विषयावर परत या: ‘माझ्याबद्दल आपण नंतर बोलू. आत्ता कोटेशन दोन घ्यायची की तीन, एवढं ठरवू.’ तरीही जमत नसेल तर अध्यक्षांना दहा मिनिटं चहाची सुट्टी सुचवा. चर्चा गोल फिरू लागली असेल तर ‘आपण ठराव शब्दांत मांडू या का?’ असं विचारा. सूचक कोण, अनुमोदक कोण, नेमके शब्द काय, हे लिहायला लागलं की अर्धा वाद ओसरतो, कारण बरेच जण एकाच गोष्टीसाठी वेगवेगळ्या शब्दांत भांडत असतात.

ठराव तुमच्या विरुद्ध गेला तर शांतपणे म्हणा, ‘माझा विरोध इतिवृत्तात नोंदवावा.’ हा तुमचा हक्क आहे, त्यासाठी उठून जायची गरज नाही. आणि बहुमत तुमच्याकडे असेल तर जास्त जपून वागा. पुनर्विकासासाठी जुलै 2019 च्या शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनी 51 टक्के सभासदांची संमती पुरेशी धरली आहे. त्याआधी 2009 च्या सूचनांत तीन चतुर्थांशाची अट होती. कागदावर 51 पुरतात. पण उरलेल्या 49 मध्येही माणसं आहेत, त्यांना भाड्याच्या घरात जायचं आहे, मुलांच्या शाळा बघायच्या आहेत, आणि परत यायचं आहे ते तुमच्याच शेजारी. एक सभा जास्त घेतली तरी चालेल, त्यांचा प्रत्येक प्रश्न लिहून उत्तर द्या.

सभा संपल्यावर

खुर्च्या उचलायला थांबा. सभेत न बोललेली माणसं इथे बोलतात.

सभेतला वाद व्हॉट्सॲप ग्रुपवर नेऊ नका. तिथे चेहरा दिसत नाही, आणि सभेला न आलेली माणसं अर्धवट वाचून बाजू घेतात. इतिवृत्ताचा कच्चा मसुदा आला की लक्ष देऊन वाचा. तुमचं म्हणणं चुकीचं लिहिलं असेल तर दुरुस्ती लेखी द्या, दोन ओळींत, तक्रारीचा सूर न लावता: ‘विषय क्रमांक 5 मध्ये मी तिसरं कोटेशन मागितलं होतं, विरोध केला नव्हता. कृपया तसं नोंदवावं.’ दुसऱ्याचं म्हणणं चुकीचं लिहिलं गेलं आहे असं दिसलं तर त्यालाही सांगा, तो तुमच्या विरुद्ध बोललेला असला तरी.

आणि ज्यांच्याशी सभेत खटका उडाला त्यांची बेल दुसऱ्या दिवशी वाजवा. सभेचा विषय काढायला नको. गणपतीचा प्रसाद द्यायचा राहिलेला असतो, नाहीतर त्यांचं कुरियर आपल्याकडे आलेलं असतं. ते द्या, दोन मिनिटं दारात उभं राहून बोला, चहाचं विचारलं तर आत जा.